माल उचलला, पण खपला नाही

१९८२ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने एक हिशेब केला. तिची खेळ खेळायची यंत्रं तोवर साधारण १ कोटी घरांत पोचली होती. त्या यंत्रात घालायच्या एका नव्या खेळाच्या कॅसेट तिने बनवायला घेतल्या १ कोटी २० लाख. म्हणजे यंत्र असलेल्या प्रत्येक घराने एकेक घेतली असती, कुणी मित्राची आणून खेळलं नसतं, कुणाला खेळ नावडला नसता, तरी २० लाख उरणारच होत्या. कंपनीत कुणाला वजाबाकी येत नव्हती अशातला भाग नाही. होरा असा होता, की हा एक खेळ घरी खेळता यावा म्हणून आणखी लाखो लोक यंत्रच विकत घेतील. दोन वर्षांपूर्वी तसं खरोखर घडलंही होतं.

कंपनीचं नाव अटारी. हे नाव ऐकलं की आपल्याला अमृतसरजवळची सीमा आणि तिथली संध्याकाळची कवायत आठवते. तिचा इथे काही संबंध नाही. जपानमध्ये ‘गो’ नावाचा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळतात. समोरच्याची सोंगटी घेरत आणली आणि तिला सुटायला एकच जागा उरली, की त्या स्थितीला अटारी म्हणतात. आपल्या बुद्धिबळातल्या शहासारखंच काहीसं. कंपनी काढणाऱ्याला ‘गो’चं वेड होतं, म्हणून हे नाव. पुढच्या बारा वर्षांत ही सोंगटी नेमकी कुणी घेरली, हा या प्रकरणाचा विषय आहे.

कॅसेट हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. तिचं खरं नाव कार्ट्रिज, म्हणजे काडतूस. पण नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघर टीव्हीला जोडायचे खेळ आले तेव्हा त्या चौकोनी प्लॅस्टिकच्या डबीला सगळे कॅसेटच म्हणत, आणि खेळ सुरू होईना की तिच्या तोंडात फुंकर मारत. टेपरेकॉर्डरच्या कॅसेटसारखी तिच्यात फीत नव्हती; होती एक चिप, कारखान्यातच कायमची कोरलेली. हा तपशील लक्षात असू द्या, पुढे तोच महागात पडतो.

नोलन बुशनेल हा यूटाचा तरुण इंजिनिअर. शिकत असताना तो लगून नावाच्या मनोरंजन उद्यानात, जत्रेतल्यासारख्या खेळांच्या स्टॉलवर काम करायचा. लोकांना खिशातून नाणं काढायला कसं लावायचं, हे त्याला इंजिनिअरिंगच्या आधी समजलं होतं. विद्यापीठातल्या अगडबंब संगणकावर त्याने ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ पाहिला आणि असा खेळ नाणं टाकून खेळता आला तर, हा विचार त्याच्या डोक्यात बसला. १९७२च्या जूनमध्ये त्याने टेड डॅबनी या सहकाऱ्याबरोबर कॅलिफोर्नियात अटारी काढली. दोघांनी सुरुवातीला घातलेलं भांडवल प्रत्येकी २५० डॉलर.

अ‍ॅलन अल्कॉर्न हा त्यांनी घेतलेला इंजिनिअर. हात बसावा म्हणून बुशनेलने त्याला एक सोपं काम दिलं: पडद्यावर दोन फळ्या, मध्ये एक ठिपका, फळीने ठिपका परतवायचा. विकायचा विचार नव्हता. पण जमलं ते इतकं मजेदार होतं, की त्यांनी ते यंत्र सनीवेलमधल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या दारूच्या गुत्त्यात ठेवून पाहिलं. काही दिवसांत मालकाचा निरोप आला, यंत्र बंद पडलंय. अल्कॉर्नने जाऊन उघडलं, तर नाण्यांचा डबा इतका शिगोशीग भरला होता की नवीन नाणं आत जाईना. हाच तो ‘पाँग’. फळी-चेंडूची मूळ कल्पना राल्फ बेअर यांच्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या घरगुती यंत्रात आधीच होती, त्यावरून खटला झाला आणि १९७६मध्ये अटारीने परवान्याचे पैसे भरून तो मिटवला.

त्या काळातली अटारी म्हणजे कंपनी कमी आणि कॉलेजचं होस्टेल जास्त. कुणी कधीही यावं, काहीही घालून यावं. १९७४मध्ये इथे लागलेला एक अनवाणी, विक्षिप्त मुलगा काही महिन्यांत गुरूच्या शोधात भारतात निघून गेला आणि परत आल्यावर त्याला पुन्हा कामावर घेतलं गेलं. त्याचं नाव स्टीव्ह जॉब्ज. दुसऱ्या एखाद्या कंपनीने बहुधा पहिल्या आठवड्यातच त्याला दार दाखवलं असतं. पुढे जॉब्जने अ‍ॅपलमधला तिसरा हिस्सा ५० हजार डॉलरला देऊ केला होता आणि आपण नको म्हटलं, असं बुशनेल स्वतःच सांगत आला आहे.

१९७५च्या नाताळात ‘पाँग’ची घरगुती आवृत्ती आली. सिअर्स या दुकानांच्या साखळीने दीड लाख यंत्रं उचलली आणि ती सगळी खपली. ‘उचलली’ आणि ‘खपली’ हे दोन शब्द व्यापारात वेगवेगळे असतात. दुकानदाराने माल उचलला म्हणजे तो कंपनीच्या गोदामातून त्याच्या गोदामात गेला. गिऱ्हाइकाने घरी नेला, तेव्हा तो खपला. किराणा दुकानात गल्ल्यावर वाढलेल्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. सिअर्सच्या वेळी उचल आणि खप जुळले. पुढे अटारीच्या वह्यांत उचलीचेच आकडे मोठे होत गेले आणि खपाचे आकडे कुठे आहेत हे विचारायला कुणी उरलं नाही.

पण ‘पाँग’च्या यंत्रात ‘पाँग’च खेळता येई. कंटाळा आला की यंत्र माळ्यावर. म्हणून अटारीने असं यंत्र करायला घेतलं ज्यात कॅसेट बदलली की खेळ बदलेल. त्याला पैसा लागणार होता, तो बुशनेलकडे नव्हता. १९७६मध्ये त्याने कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्सला २ कोटी ८० लाख डॉलरला विकली. वॉर्नर म्हणजे सिनेमे आणि गाण्यांच्या तबकड्यांचा धंदा करणारी बडी कंपनी. १९७७च्या सप्टेंबरमध्ये यंत्र बाजारात आलं. तेच पुढे २६०० या आकड्याने ओळखलं जाऊ लागलं.

या यंत्राच्या पोटात काय होतं ते पाहायलाच हवं, कारण त्याशिवाय पुढचे झगडे कळणार नाहीत. त्याची चालू स्मृती होती १२८ बाइट. आजच्या संगणकात देवनागरीचं एक चिन्ह साठवायला सहसा ३ बाइट लागतात. म्हणजे काने-मात्रे वेगळे मोजून जेमतेम ४२ चिन्हं, या परिच्छेदातलं एखादं आखूड वाक्य. तेवढ्या जागेत खेळाडू कुठे आहे, शत्रू कुठे आहे, गुण किती, जीव किती, हे सगळं ठेवायचं. पडद्यावरचं चित्र साठवायला तर जागाच नव्हती. त्या काळच्या टीव्हीत एक किरण डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रेखत खाली यायचा आणि सेकंदाला साठ वेळा पडदा भरायचा. अटारीच्या प्रोग्रॅमरला त्या किरणाच्या बरोबरीने धावत, ओळ रंगवली जाण्याच्या आत तिच्यात काय असेल ते सांगावं लागे. एका ओळीला प्रोसेसरचे ७६ ठोके. त्यात बसलं तर बसलं. एका ओळीवर हलवता येण्यासारख्या आकृती मुळात दोन, शिवाय दोन गोळ्या आणि एक चेंडू. साहजिकच होतं, यंत्र बनवलं होतं ‘पाँग’ आणि रणगाड्यांच्या लढाईसाठी.

अशा यंत्राकडून दुसरं काही करवून घेणं ही कला होती, आणि ती येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. खेळ सुचणं, चित्र काढणं, आवाज बसवणं, प्रोग्रॅम लिहिणं, चार किलोबाइटच्या चिपमध्ये तो कोंबणं, हे सगळं एकटा माणूस महिनोन्महिने करी. पुस्तक लिहिण्यासारखंच ते काम. फक्त मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नसे.

बुशनेल आणि वॉर्नर यांचं पटेना. यंत्र बाजारात येऊन वर्ष झालं तोच त्याचं म्हणणं होतं की आता पुढच्या यंत्राच्या मागे लागायला हवं. वॉर्नरला आत्ताच गुंतवलेला पैसा आधी वसूल व्हायला हवा होता. १९७८च्या अखेरीस बुशनेल बाहेर पडला आणि सूत्रं आली रे कासार यांच्या हाती. कासार आले होते बर्लिंग्टन इंडस्ट्रीजमधून, म्हणजे कापड उद्योगातून. टापटिपीचे, शिस्तीचे, जाहिरात आणि वितरण जाणणारे. अटारीच्या जुन्या मंडळींनी नंतर त्यांना खलनायक करून टाकलं. मला ते पूर्ण मान्य नाही. यंत्र फक्त नाताळात विकायची वस्तू नाही, वर्षभर जाहिरात करून विकता येते, हे कासार यांच्या राजवटीत दिसून आलं. जपानच्या तैतो कंपनीचा ‘स्पेस इनव्हेडर्स’ हा नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर तुफान गाजलेला खेळ परवाना घेऊन घरगुती कॅसेटवर आला, तोही त्यांच्याच काळात. ते साल १९८०. केवळ तो खेळ घरी खेळता यावा म्हणून लोकांनी यंत्रं घेतली. सुरुवातीला उल्लेख केलेला होरा इथून आला.

कासार यांचं चुकलं ते माणसं ओळखण्यात. कंपनीत एकदा एक कागद फिरला. गेल्या वर्षी कोणत्या कॅसेट किती खपल्या याची ती यादी होती, जास्त चालतात तसले खेळ करा, एवढाच हेतू. प्रोग्रॅमरांनी ती वेगळ्या डोळ्यांनी वाचली. खेळांवर नाव नसलं तरी कुठला कुणाचा हे त्यांना ठाऊक होतं. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी बेरीज केली, तर १० कोटी डॉलरच्या कॅसेट-विक्रीतले सुमारे ६ कोटी त्यांच्या खेळांचे निघाले. त्यांचे पगार होते वर्षाला २०-३० हजार डॉलरच्या घरात. ते कासार यांच्याकडे गेले. मागणं फार नव्हतं: थोडी रॉयल्टी, आणि खोक्यावर नाव. क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे त्याप्रमाणे उत्तराचा आशय असा होता, की कॅसेट जोडणाऱ्या कामगाराइतकंच तुमचं महत्त्व, जास्त नाही.

कापडाच्या धंद्यातून आलेल्या माणसाला हे खरंच वाटत असणार. टॉवेलावरची नक्षी एकाने नाही काढली तर दुसरा काढतो, आणि टॉवेल विकताना नक्षीवाल्याचं नाव कुणी विचारत नाही. शिवाय यंदा न खपलेला टॉवेल पुढल्या वर्षी खपतो.

चौघे बाहेर पडले आणि १९७९च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी जिम लेव्ही यांच्याबरोबर अ‍ॅक्टिव्हिजन काढली. अटारीच्या यंत्रात चालणाऱ्या कॅसेट अटारीबाहेर कुणी बनवेल, हे तोवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. यंत्राला त्यामुळे कसलं कुलूपच नव्हतं. अटारीने खटला भरला, पण १९८२मध्ये तडजोड झाली आणि अ‍ॅक्टिव्हिजनला रॉयल्टी देऊन खेळ बनवायची मोकळीक मिळाली. यंत्र स्वस्त विकायचं आणि कॅसेटवर कमवायचं, असा अटारीचा सगळा धंदा. आता यंत्र अटारीने विकायचं आणि त्यावरचा नफा दुसऱ्याने न्यायचा, अशी अवस्था झाली. क्रेन यांचा ‘पिटफॉल’ १९८२मध्ये आला आणि त्याच्या लाखो प्रती गेल्या. अ‍ॅक्टिव्हिजनच्या खेळांवर बनवणाऱ्याचं नाव असे.

अटारीत राहिलेल्यांपैकी वॉरन रॉबिनेट याने वेगळाच मार्ग काढला. ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात त्याने एक गुप्त खोली ठेवली. पार्श्वभूमीच्याच रंगाचा, जवळजवळ न दिसणारा ठिपका उचलून नेला तरच तिचा रस्ता उघडे, आणि आत झगमगत असे त्याचं नाव. कुणाला न सांगता तो नोकरी सोडून गेला. एका पोराने खोली शोधून कंपनीला पत्र लिहिलं तेव्हा साहेबांना कळलं. चिप बदलायचा खर्च परवडत नव्हता, म्हणून कंपनीने तिलाच ‘ईस्टर एग’ म्हणून मिरवलं. आज जगभर हा शब्द रूढ आहे. श्रेय नाकारलेल्या माणसाने चोरून केलेली सही, हे त्याचं मूळ.

आता तो १ कोटी २० लाखांचा खेळ. जपानच्या नाम्कोचा ‘पॅक-मॅन’. नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर जगात सर्वांत लोकप्रिय. टॉड फ्राय या तरुणाने तो अटारीच्या यंत्रावर बसवला. पॅक-मॅनमागे चार भुतं लागतात आणि यंत्राला तर जेमतेम दोन आकृत्या येतात. फ्रायने भुतं आळीपाळीने दाखवली, या क्षणी एक, पुढच्या क्षणी दुसरं. परिणाम असा, की भुतं सतत लुकलुकत. चक्रव्यूहाचा आकार वेगळा, रंग वेगळे, आवाज तर भलताच. ज्याने मूळ खेळात शेकडो नाणी घातली होती, तो घरी कॅसेट लावून बघतच राहायचा. तरीही ७० लाखांच्या वर खपल्या. अटारी २६००वर सर्वाधिक खपलेली कॅसेट म्हणून आजही ‘पॅक-मॅन’चंच नाव येतं. सर्वाधिक खपूनही लाखो शिल्लक, असा हा विक्रम आहे.

१९८२च्याच उन्हाळ्यात स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ हा सिनेमा आला. वॉर्नरचे प्रमुख स्टीव्ह रॉस यांना स्पीलबर्गला आपल्या कंपनीकडे ओढायचं होतं. त्या सिनेमावर खेळ काढायच्या हक्कांसाठी २ कोटी डॉलरहून जास्त रकमेची हमी दिल्याचं सांगितलं जातं. बोलणी लांबली. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या प्रोग्रॅमरला कासार यांचा फोन आला तेव्हा जुलैचा शेवट उजाडला होता. नाताळला माल दुकानांत हवा तर चिप कोरायला सप्टेंबरच्या सुरुवातीलाच द्यायला हवी. म्हणजे पाच आठवडे. एरवी अशा खेळाला सहा-सात महिने लागत. वॉर्शॉने होकार दिला आणि घरीही एक यंत्र बसवून घेतलं, जेवण-झोपेखेरीज वेळ जाऊ नये म्हणून. आराखडा पाहून स्पीलबर्गने त्याला विचारलं, ‘पॅक-मॅन’सारखं काही करता नाही का येणार? वॉर्शॉ हे अनेक मुलाखतींत हसून सांगतो.

खेळ वाईट होता असं सरसकट म्हणतात. मला तो वाईटापेक्षा अर्धवट वाटतो. खड्ड्यात पडायचं, मान लांब करून वर यायचं, आणि वर येता येता पुन्हा त्याच खड्ड्यात पडायचं. आणखी दोन महिने मिळते तर कुणीतरी हे खेळून पाहिलं असतं आणि खड्ड्यांची कड जरा सुधारली असती. कापडाचा ठोक माल बिघडला तर रंगवून विकता येतो, पण चिपवर एकदा कोरलं की त्यात एक अक्षर बदलता येत नाही. ४० लाखांच्या आसपास कॅसेट बनल्या, पंधरा लाखांच्या घरात खपल्या.

पण या दोन खेळांनी अटारी बुडाली नाही. पाणी आधीच आत येत होतं. १९८१मध्ये मागणी इतकी होती की अटारी ती पुरी करू शकत नव्हती. वितरकांना ठाऊक होतं की दहा मागितले तर सहा मिळतात, म्हणून ते पंधरा मागत. वर्षअखेरीस अटारीने फर्मावलं, १९८२च्या सगळ्या वर्षाची मागणी आत्ताच नोंदवा. वितरकांनी नेहमीप्रमाणे फुगवून नोंदवली. आणि या खेपेला अटारीने कारखाने वाढवून मागितला तेवढा सगळा माल खरंच पाठवला! वाणसामानात हे दर दिवाळीला होतं आणि दर वर्षी कुणीतरी फसतं, पण तिथे उरलेलं डाळीचं पीठ खाऊन तरी संपवता येतं. त्यात अ‍ॅक्टिव्हिजनचं यश पाहून कुणीही उठावं आणि कॅसेट काढावी असं झालं होतं. ओट्स विकणाऱ्या क्वेकरनेही खेळाची कंपनी घेतली. कुत्र्यांचं खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीने कुत्र्याच्या खाद्यावर खेळ काढला. फळ्यांवर जागा उरली नाही. वितरक मागण्या रद्द करू लागले.

७ डिसेंबर १९८२. वॉर्नरने जाहीर केलं की अटारीची वाढ अपेक्षेप्रमाणे पन्नास टक्के नाही, दहा-पंधरा टक्केच होईल. वाढच, घट नव्हे. तरी दुसऱ्या दिवशी वॉर्नरच्या शेअरचा भाव सुमारे एक तृतीयांशाने कोसळला, कारण तोवर वॉर्नरच्या नफ्याचा अर्ध्याहून मोठा वाटा एकट्या अटारीकडून येत होता आणि भाव त्याच आशेवर चढलेला होता. ही बातमी फुटायच्या २३ मिनिटं आधी कासार यांनी आपले ५,००० शेअर विकले होते. चौकशी झाली. गुन्हा कबूल वा नाकबूल न करता त्यांनी नफा परत दिला. त्यांच्या एकूण शेअरांच्या मानाने हा आकडा किरकोळ होता, पण अटारीच्या गोष्टीत ती २३ मिनिटं कायमची चिकटली.

पुढचं वर्ष भरभर सांगण्यासारखंच आहे. लहान कंपन्या बुडाल्या. दुकानदार न खपलेला माल परत करू पाहत, पण परत घ्यायला कंपनीच उरलेली नसे. मग त्या कॅसेट टोपल्यांत टाकून मिळेल त्या भावाने फुंकल्या गेल्या. तीस-पस्तीस डॉलरच्या खेळाशेजारी पाच डॉलरचे खेळ दिसू लागल्यावर आईबापांनी काय उचललं असेल ते उघड आहे. चांगल्या-वाईटाची पारख दुकानदारालाही नव्हती. याच वेळी कमोडोर कंपनीने आपल्या घरगुती संगणकाचे भाव सपाट्याने खाली आणले. नुसता खेळ कशाला घेता, त्या पैशांत पोरांना संगणक मिळतोय की, ही जाहिरात मध्यमवर्गाच्या बरोबर वर्मी लागली. अटारीने अमेरिकेतलं उत्पादन हाँगकाँग-तैवानला हलवलं आणि सुमारे १,७०० जणांची कामं गेली. जुलैमध्ये कासार गेले; त्यांच्या जागी सिगारेटच्या कंपनीतून जेम्स मॉर्गन आले. १९८३चा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला. अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा ३२० कोटी डॉलरवरून दोन वर्षांत १० कोटींवर आला.

या धबडग्यात एक करार हातचा गेला. निन्टेन्डो ही जपानी कंपनी आपलं नवं यंत्र जपानबाहेर विकायचे हक्क अटारीला द्यायला तयार होती. १९८३च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात अटारीला दिसलं की कोलेको या प्रतिस्पर्ध्याच्या संगणकावर निन्टेन्डोचा ‘डाँकी काँग’ चालू आहे. संगणकावरचे हक्क तर आपले! अटारी चिडली, सह्या लांबल्या, तेवढ्यात कासारच गेले आणि विषय बारगळला. निन्टेन्डोने दोन वर्षांनी स्वतःच अमेरिकेत दुकान मांडलं. तिच्या यंत्रात एक कुलूप-चिप होती. निन्टेन्डोने दिलेली किल्ली कॅसेटमध्ये नसेल तर खेळ सुरूच होत नसे, आणि बाहेरच्या कंपनीला वर्षाला मोजकेच खेळ काढायची परवानगी. आपल्या गल्लीबोळांत नव्वदनंतर जी ‘टीव्ही गेम’ची यंत्रं आली, मारिओ आणि काँट्रावाली, ती या निन्टेन्डो यंत्राच्याच नकला होत्या. आमच्या पिढीला अटारी भेटली ती अशी, न भेटता.

१९८४च्या जुलैमध्ये वॉर्नरने अटारीचा घरगुती खेळ आणि संगणकांचा विभाग विकला. घेणारा जॅक ट्रमिएल. आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेला, टाइपरायटर दुरुस्त करत वर आलेला, आणि कमोडोरचा संस्थापक. ज्याने भाव पाडून अटारीचा गळा आवळला होता तोच, आता कमोडोरशी भांडून बाहेर पडलेला. रोख पैसे त्याने दिलेच नाहीत. २४ कोटी डॉलरच्या वचनचिठ्ठ्या दिल्या. त्याचा एसटी संगणक संगीतकारांनी डोक्यावर घेतला, पण खेळांच्या धंद्यात अटारी पुन्हा पहिल्या रांगेत आली नाही. १९९३चं ‘जॅग्वार’ हे शेवटचं यंत्र अडीच लाखही गेलं नाही. १९९६मध्ये कंपनी जेटीएस या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपनीत विलीन झाली. जेटीएसचा कारखाना होता मद्रासमध्ये. अटारी भारताच्या इतकी जवळ आली ती या पडत्या काळात, आणि कुणाला पत्ताही लागला नाही. दोन वर्षांनी जेटीएसने अटारीचं नाव आणि हक्क हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीला विकले, ५० लाख डॉलरला.

आता थोडं मागे, वाळवंटात. १९८३च्या सप्टेंबरमध्ये अटारीच्या एल पासो इथल्या गोदामातून ट्रक भरभरून माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचराडेपोत नेऊन टाकला गेला. पोरं डेपोत शिरून कॅसेट पळवू लागली, तेव्हा वरून काँक्रीट ओतलं. त्यातून दंतकथा झाली की लाखो ‘ई.टी.’ तिथे पुरले आहेत आणि त्यांनीच कंपनी गिळली. २०१४च्या एप्रिलमध्ये एका माहितीपटासाठी डेपो खणला गेला. तेव्हा वॉर्शॉ तिथे हजर होता. तोवर तो मानसोपचारतज्ज्ञ झाला होता. सुमारे १,३०० कॅसेट वर काढल्या. ‘ई.टी.’ होतेच, पण दहातला एक. बाकी ‘पॅक-मॅन’, ‘सेंटिपीड’ आणि इतर कितीतरी, चांगले चाललेले खेळही. एखाद्या वखारीची झाडलोट करावी तसा सगळा मिसळलेला माल.

त्यातल्या काही संग्रहालयांना गेल्या. सुमारे ८८० अलामोगोर्डोच्या नगरपालिकेने इंटरनेटवर लिलावात काढल्या, चेपलेल्या, मातकट, कचऱ्याचा वास मारणाऱ्या. एका ‘ई.टी.’ला दीड हजार डॉलरच्या वर भाव आला. सगळ्या मिळून १ लाख डॉलरहून जास्त जमा झाले.